पावसाळाभर उभी राहिलेली मोटरसायकल चालू कशी करावी

मेढ्याच्या पलीकडे आमच्या गावात भर पावसात मोटरसायकल काढणं म्हणजे हौसेने दुखणं ओढवून घेणं. मिरग लागला की गाडी पडवीत जाते आणि मी एसटीने साताऱ्याला ये-जा करतो. गाडी बाहेर निघते ती दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची असते आणि झेंडूचा हार घातलेली गाडी ढकलत न्यायला बरं दिसत नाही. गेली चौदा-पंधरा वर्षं हेच चाललंय. गाडी जुनी, १५० सीसीची, कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), किक आणि बटण दोन्ही असलेली.

दरवर्षी पडवीत चार जण जमतात आणि पाच सल्ले देतात. त्यातला पहिला असतो, "उतारावर सोड, गिअर टाक, होतीय का नाय बघ." यवतेश्वरच्या घाटात हा प्रयोग करून, खाली पोहोचेपर्यंत न सुरू झालेली गाडी परत वर ढकलत आणणारे लोक मी पाहिलेत. त्यातला एक मीच होतो. धक्का मारून गाडी तेव्हा सुरू होते, जेव्हा दोष फक्त बॅटरीचा असतो. चार महिने उभ्या गाडीचा दोष बहुतेक वेळा पेट्रोलमध्ये असतो आणि पेट्रोलला उताराशी काही देणंघेणं नसतं.

दुसरा सल्ला त्याहून वाईट: ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याच्या भोकात झाकणभर पेट्रोल ओता. गाडी दोन सेकंद भडभडते आणि मरते. एवढ्याने फक्त ठिणगी पडतेय हे कळतं, आणि ते प्लग बाहेर काढून बघितला तरी कळतं. उलट सिलिंडरच्या भिंतीवर उरलंसुरलं ऑइल पेट्रोलने धुऊन निघतं आणि पिस्टन कोरडा घासतो.

आता कामाला लागू. हवा भरा. साखळीला तेल द्या. गाडी ढकलून दोन्ही ब्रेक सुटतात का ते बघा. ड्रमला गंज चढून शू चिकटले असतील तर गाडी पुढेमागे हलवल्यावर टकदिशी सुटतात. क्लच दाबून गिअरमध्येही ढकलून बघा, कारण प्लेटाही एकमेकींना चिकटतात. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून बघा. कुंभारीण माशीला ती नळी म्हणजे आयतं घर वाटतं आणि चिखलाचं बूच आमच्याकडे दोनदा निघालंय. एअर फिल्टरचा डबाही उघडा. उंदराने फोम कुरतडून त्यात बाळंतपण उरकलेलं असू शकतं.

बॅटरीला मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. १२ च्या खाली गेली असेल तर बटण दाबत बसू नका, आधी चार्ज करून आणा. बटणही एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, मध्ये थोडी उसंत द्यायची.

प्लग काढून घासा. त्याच भोकातून चमचाभरापेक्षा कमी इंजिन ऑइल सोडा आणि इग्निशन बंद ठेवून दहा-पंधरा किका मारा, म्हणजे ऑइल सगळीकडे फिरतं. भोकावर फडकं धरा, नाहीतर तोंडावर फवारा येतो.

टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा. "थोडं ताजं ओतलं की जुन्यात मिसळून जाईल" असं म्हणणाऱ्याला स्वतःच्या गाडीत ओतायला सांगा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आमच्या जावळीच्या खोऱ्यात पावसाळ्यात मीठसुद्धा डब्यात पाणी पाणी होतं, मग पेट्रोलचं काय घेऊन बसलात! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत दहा मिनिटं ठेवा, तळाला वेगळा थर दिसेल. त्याचा वासही ताज्या पेट्रोलसारखा नाकात झोंबत नाही, जुन्या वॉर्निशसारखा येतो. टाकी एकदा ताज्या पेट्रोलने खळबळून घ्या आणि मग दोन लिटर भरा. हे सगळं अंगणात करा, चुलीपासून लांब, आणि बिडीवाल्या सल्लागारांना रस्त्याच्या पलीकडे बसवून.

एवढ्यावर गाडी सुरू झाली तर तुमचं नशीब. माझी व्हायची नाही. म्हणजे व्हायची, पण चोकवर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची कळ). चोक ओढला की गाडी चालते, चोक आत ढकलला की बंद. ॲक्सिलरेटर पिळून धरला तर रडतखडत चालते, सोडला की मरते.

ही खूण ओळखायला मला तीन दसरे लागले. पहिल्या वर्षी साताऱ्यातल्या एका मिस्त्रीने कान लावून ऐकलं आणि इंजिन उतरवावं लागेल म्हणाला. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळी यादी त्याने कागदावर लिहून दिली. दुसऱ्या वर्षी मी स्वतः कार्ब्युरेटर खोलला, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं पितळी नळकांडं) चकचकीत केलं, परत बसवलं आणि गाडी जशीच्या तशी. मेन जेट ॲक्सिलरेटर बराच पिळल्यावर कामाला येतं. गाडी जागेवर संथ चालते ती पायलट जेटवर, आणि त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. बाऊलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत, राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर राहतो. तो आधी कुठे बसणार? सगळ्यात बारीक भोकात.

त्यामुळे ऐका. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्ब्युरेटर काढा आणि परातीत घेऊन बसा. परात म्हटलंय, वर्तमानपत्र नाही. तिसऱ्या वर्षी माझं पायलट जेट सारवलेल्या जमिनीवर पडलं. मी ते शोधतोय तोवर कोंबडीने टोच मारून ते उंबऱ्यापर्यंत नेलं होतं. तिने गिळलं नाही, हे तिचंही नशीब आणि माझंही.

बाऊल उघडला की मधल्या खांबात मेन जेट दिसतं. त्याच्या शेजारी, खोल गेलेल्या नळीत पायलट जेट बसलेलं असतं. घट्ट बसेल असाच पेचकस घ्या. पितळ मऊ असतं. लहान पात्याने पिळाल तर खाच झिजते आणि मग ते जेट बाहेर काढायला खरंच मिस्त्री लागतो. काही गाड्यांत हे जेट आतच ठोकून बसवलेलं असतं. तिथे ओढाताण करू नका, जागेवरच साफ करा.

निघालेलं जेट आकाशाकडे धरून एक डोळा मिटून बघा. स्वच्छ असेल तर गोल, रेखीव उजेड दिसतो. माझ्या जेटमध्ये काळोख होता. "थोडासा उजेड दिसतोय" हेही चालत नाही. अर्धं बुजलेलं भोक पूर्ण बुजलेल्यापेक्षा जास्त छळतं, कारण गाडी सकाळी सुरू होते आणि भर बाजारात बंद पडते.

ते साफ करायला लोक हमखास क्लच वायरची तार घेतात. घेऊ नका. ती पोलादी असते, पितळात जाऊन भोक मोठं करते. मी केलंय. त्या वर्षी गाडी झकास सुरू झाली आणि मग प्लग काळा पडू लागला. नवीन जेट आणल्यावरच थांबलं. जुन्या मोबाईल चार्जरची वायर सोला, आत केसासारखे तांब्याचे तंतू असतात. त्यातला एकच तंतू घ्या. त्याआधी जेट रात्रभर कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. रबरी रिंगा मात्र त्यात टाकू नका, फुगून परत बसत नाहीत. शेवटी हवेचा जोरदार झोत हवा. आमच्या गावात कॉम्प्रेसर नाही, म्हणून मी जेट काडेपेटीत घालून एसटीने मेढ्याला पंक्चरवाल्याकडे गेलो होतो. कंडक्टरने काडेपेटीकडे बघून "आत बिडी ओढायची नाही" अशी ताकीद दिली.

जेट साफ झालं म्हणजे झालं असं नाही, तिथेच माणसं फसतात. जेटच्या पुढे कार्ब्युरेटरच्या अंगात बारीक वाट असते, तीही तुंबलेली असते. बाहेरून जो मिक्श्चरचा छोटा स्क्रू दिसतो, तो आधी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत पिळा आणि किती आटे गेले ते मोजून भिंतीवर कोळशाने लिहा. मग बाहेर काढा. जेटच्या भोकातून क्लीनरचा स्प्रे मारा. तो स्क्रूच्या भोकातून आणि थ्रॉटलपाशी (ॲक्सिलरेटर पिळल्यावर उघडते त्या झडपेपाशी) असलेल्या टाचणीएवढ्या भोकातून बाहेर आला पाहिजे. डोळ्यावर चष्मा हवा, उन्हाचा का असेना. स्प्रे नेमका अनपेक्षित भोकातून येतो, आणि मी एक अख्खी संध्याकाळ डोळ्यावर पाणी मारत बसलो होतो. स्क्रू परत घालताना आधी हलकेच टेकेपर्यंत आत पिळा, मग भिंतीवरच्या आकड्याएवढेच आटे बाहेर सोडा.

हा सगळा उपद्व्याप टळतो, जर जूनमध्ये गाडी ठेवताना कॉक बंद करून इंजिन चालूच ठेवलं तर. बाऊलमधलं पेट्रोल संपलं की ती आपसूक बंद पडते. आणि प्लॅस्टिकचा कागद गच्च बांधू नका, आत घाम धरतो. जुनं लुगडं किंवा चादर बरी.

बसवाबसवी झाली की कॉक उघडा, बाऊल भरायला मिनिटभर द्या, चोक ओढा, ॲक्सिलरेटरला हात न लावता किक. चार-पाचात झाली पाहिजे. प्लग पेट्रोलने ओला झाला तर पुसा, चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून किका मारा. गोठ्यात किंवा बंद पडवीत गाडी चालू ठेवू नका, धुरातला विषारी वायू वास देऊन येत नाही.

तुमची गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ असेल तर तिच्यात कार्ब्युरेटरऐवजी बहुधा पेट्रोलचं इंजेक्शन असेल, हे जेटचं पुराण तुम्हाला नको. बॅटरी ठणठणीत ठेवा, चावी फिरवल्यावर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाची घरघर थांबू द्या आणि मगच बटण दाबा. घरघर आलीच नाही तर आधी फ्यूज बघा.

सुरू झाल्यावर पाच मिनिटं संथ चालू द्या, लगेच पिळून धूर काढायची खुमखुमी आवरा. पहिली फेरी वेशीपर्यंतच, जिथून चालत परत येता येईल. परत आल्यावर ऑइल गरम असतानाच काढा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. नवीन भरा आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर तेही बदला.