धूर निळा दिसला म्हणून लगेच बोअर उघडू नका

खानापूरच्या शेडात सहा पावसाळे काढलेली जुनी डिझेल जीप टोचन लावून बेळगावात आणली. टाकीतलं कुजकं डिझेल काढलं, फिल्टर-ऑइल बदललं, सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं आणि गल्लीभर निळा धूर झाला. मिस्त्रीनं लांबूनच निकाल दिला, “बोअर गेलाय की हो. उघडूयाच.” म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय आणि ऑइल वर येऊन जळतंय.

मी होय म्हणूनही बसलो होतो. संध्याकाळी सहज एअर फिल्टरची वाटी काढली (या जुन्या फिल्टरात धूळ धरायला ऑइल भरतात), तर आत ऑइल खुणेच्या दोन बोटं वर! ऑइल बदलताना कुणाचा तरी हात सैल सुटला होता. इंजिन तेच ओढून जाळत होतं. जास्तीचं ऑइल काढलं, इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप पुसला, धूर निम्म्यावर आला. हेच ऑइल जास्त ओढलं गेलं तर इंजिन आपोआप रेस होतं आणि डिझेल तोडलं तरी थांबत नाही. म्हणून पहिल्या स्टार्टला इनटेकचं तोंड झाकायला जाड फळी जवळ ठेवा. तळहात लावायचा नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळे धूर एकाच मापानं मोजायचे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी फिल्टर बघा, इनटेकमध्ये उंदरानं संसार मांडलाय का बघा, मग डिझेलचा फवारा मारणारा नोझल. पांढरा धूर डोळ्यांना झोंबला तर ते न जळलेलं डिझेल: हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारा), टायमिंग (डिझेल सुटायची वेळ) नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). झोंबत नाही, पण रेडिएटरचं पाणी उतरतंय आणि बुडबुडे येतायत, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीवर संशय घ्या. पावसाळ्यातल्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी थोडी वाफ मात्र सोडून द्या.

चारही नोझल एकदम कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवायला पाठवायची घाई नको. स्लो इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपचा नट पान्यानं जरा सैल करा. इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर दुखणं तिथं. आवाज न बदलता धूरच कमी झाला, तर नोझल फवारा न मारता थेंब गाळतोय. हात आणि तोंड लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

कॉम्प्रेशन मोजायला पेट्रोल गाडीचा गेज चालत नाही, डिझेलचा दाब त्याच्या आवाक्याबाहेरचा. गेज नसेल तर ऑइलचं झाकण काढून बघा. तालात फसफस धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. पण उभ्या गाडीच्या रिंगा बऱ्याचदा झिजलेल्या नसतात, नुसत्या चिकटलेल्या असतात. जागेवर तासन्‌तास स्लो ठेवून त्या सुटत नाहीत, लोड लागतो.

म्हणून ऑइल आणि पाण्यावर नजर ठेवत जीप जांबोटीपर्यंत नेऊन आणली. येताना आरशात धूर शोधावा लागत होता. आता सकाळी पहिल्या स्टार्टला निळा फुसका येतो आणि जातो. ते व्हॉल्व्ह सीलचं (व्हॉल्व्हवरून ऑइल आत गळू न देणाऱ्या रबराचं) काम, दिवाळीनंतर बघू.