व्हायकिंग तलवारीची प्रतिकृती: कापायला जाण्याआधी

भिजवलेली चटई एका वारात कापली गेली की श्रेय तलवारीला मिळते, आणि अर्ध्यावर अडकली की दोषही तिच्याच माथी. खरे तर त्या वाराचा निकाल पुष्कळसा आधीच लागलेला असतो. पाते टोकाकडे किती पातळ होत गेले आहे, मूठ तुमच्या पंजात कशी बसते, चटई किती भिजली आणि किती निथळली, यावर तो ठरतो. म्हणून टेस्ट कटिंगच्या, म्हणजे लक्ष्य कापून तलवार पारखण्याच्या, दिवसाची तयारी आठवडाभर आधी सुरू करा आणि सुरुवात मोजमापापासून करा.

त्याआधी एक खात्री हवी: हातातली वस्तू मुळात कापण्यासाठी घडवलेली आहे का? बाजारात प्रतिकृती म्हणून तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. भिंतीवर टांगायची स्टेनलेस तलवार ही पहिली. तिच्या मुठीत बहुतेक वेळा बारीक सळई डकवलेली असते. ती हवेत फिरवणेही धोक्याचे, कारण जोरात हिसका बसला की पाते मुठीतून निसटून कुठेही जाते. दुसरी रीएनॅक्टमेंटची, म्हणजे नकली लढाया खेळणाऱ्यांची बोथट तलवार. तिची कड साधारण दोन मिलिमीटर जाड, टोक गोल. ही तलवार उत्तम असू शकते, पण तिला ग्राइंडरवर धार लावून कापायला नेऊ नका. कड टोकदार होईल, तरी तिच्यामागचे पाते जाडच राहील आणि चटईत पाचरीसारखे अडेल. तिसरी प्रत्यक्ष धारेची. तिचे पाते ५१६० किंवा १०७५ अशा क्रमांकांच्या स्प्रिंग किंवा कार्बन पोलादाचे, नीट पाणी दिलेले, आणि पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन पॉमेलवर (मुठीच्या शेवटच्या जाड भागावर) ठोकून पक्की केलेली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची आल्बियन, चीनमधल्या दालियनची हानवेई, आपल्या देहरादूनची विंडलास असे अनेक जण अशा तलवारी बनवतात आणि किमतींत जमीनअस्मानाचा फरक असतो. नाव कुणाचेही असो, विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: शेपटी कशी आहे, किती रुंद आहे? उत्तर गुळमुळीत आले तर पैसे खिशातच राहू द्या.

आता मोजमाप. स्वयंपाकघरातला वजनकाटा, टेप आणि व्हर्नियर कॅलिपर एवढे पुरते. अस्सल व्हायकिंग तलवारी बहुतेक एक ते सव्वा किलोच्या आसपास, पाते साधारण ७० ते ८० सेंटिमीटर, मुठीपाशी रुंदी पाच-सहा सेंटिमीटर. संग्रहालयातल्या तलवारींचे आजचे वजन वाचताना त्या हजार वर्षे गंजल्या आहेत आणि त्यांची मूठ बहुधा कुजून गेली आहे, हे लक्षात ठेवा. त्यामुळे प्रतिकृती शे-सव्वाशे ग्रॅमने जड निघाली तर नाक मुरडायचे कारण नाही. कॅलिपर मात्र जरूर लावा. पात्याची जाडी मुठीपाशी, मध्यावर आणि टोकाच्या थोडी अलीकडे मोजा. चांगल्या पात्यात ती मुठीकडच्या पाच-सहा मिलिमीटरवरून टोकाकडे दोन-अडीचपर्यंत उतरत जाते. स्वस्त प्रतिकृती बहुधा एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेल्या असतात, आणि मग वजन तितकेच असूनही हातात पहार धरल्यासारखे वाटते. ‘व्हायकिंग तलवारी बोजड असत’ हा समज बहुतांशी अशा पट्ट्यांनीच पसरवला आहे. पात्याच्या मधली रुंद, उथळ पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी आहे ही कथा तर सोडूनच द्या. तिचे काम पात्याचे वजन कमी करून ताठपणा राखणे एवढेच.

मग तोल. पाते आडवे करून बोटावर तोलून पाहा. गार्डपासून (मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या पट्टीपासून) बारा ते अठरा सेंटिमीटरवर तोल आला तर ही छाटण्यासाठी केलेली तलवार आहे असे समजा. नंतरच्या युरोपीय भोसकण्याच्या तलवारींचा तोल हाताच्या बराच जवळ असतो. ती सवय असणाऱ्याला ही तलवार टोकाकडे ओढणारी वाटेल. तो दोष नाही, तिचे काम तसेच आहे. त्यानंतर मूठ सैलसर धरून, टोक वर ठेवून पॉमेलवर दुसऱ्या तळहाताने थाप मारा. पाते थरथरते, पण एक जागा जवळजवळ स्थिर राहते. टोकापासून साधारण वीतभर अलीकडे ती सापडेल. तिथे पात्याच्या सपाट बाजूला मास्किंग टेपची बारीक खूण चिकटवा. वार त्या खुणेच्या आसपास लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि जोर वाया जात नाही. नवखे लोक अंतर चुकवून पात्याच्या मध्यावर मारतात, मग मनगट दुखते आणि तलवार वाईट ठरते. खुणेने वार आपोआप नीट लागणार नाही, पण कुठे लागला ते तुम्हाला आणि शेजारच्यालाही कळेल.

मुठीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. नॉर्वेच्या यान पेटरसन यांनी १९१९मध्ये या तलवारींचे वर्गीकरण केले ते मुठींवरून. आजही विक्रेते ‘टाइप एच’, ‘टाइप एस’ अशी त्यांचीच अक्षरे वापरतात. पण ते अक्षर पात्याबद्दल फार थोडे सांगते. एकाच प्रकारच्या मुठीमागे दोन वेगळ्याच स्वभावाची पाती निघू शकतात. अक्षरावरून हाताला काय लागेल तेवढे कळते, आणि तेही महत्त्वाचे आहेच. पकड फक्त नऊ-दहा सेंटिमीटरची. एका बाजूला सरळ गार्ड, दुसऱ्या बाजूला पॉमेलची पट्टी, मध्ये चार बोटे घट्ट बसलेली. आपल्या तलवारीच्या मुठीवरची चकती ज्यांनी मर्दानी खेळात अनुभवली आहे त्यांना हा अडकलेपणा ओळखीचा वाटेल. अनोळखी माणूस लगेच म्हणतो, मूठ लहान पडते. हातोडीसारखी आवळून धरली तर हात पुढे ताणताच पॉमेल मनगटात रुतते, हे खरे. पकड थोडी तिरपी करा, हस्तांदोलन करताना पंजा जसा वळतो तसा. मग पॉमेल तळहाताच्या टाचेवर येऊन टेकते, पाते दंडाच्या रेषेत लांब होते आणि तीच घट्ट मूठ आधार वाटू लागते. घरात, धारेवर म्यान ठेवूनच, ही पकड हातात मुरवा. लिंकनजवळ विथम नदीत सापडलेली, ब्रिटिश म्युझियममधली तलवार पाहिलीत तर तिचे गार्ड आणि पॉमेलची पट्टी दोन्ही हातापासून बाहेरच्या बाजूला वळलेल्या दिसतील. अशा मुठीत मनगटाला जास्त मोकळीक मिळते. पंजा मोठा असेल तर अशीच प्रतिकृती घ्या. जाड हातमोजे घालायचे ठरवले असेल तर ते घालून मूठ धरून पाहा. बहुतेक वेळा बोटे मावतच नाहीत. पातळ चामड्याचा हातमोजा किंवा उघडा हात बरा.

धार आदल्या दिवशी तपासा. धारेवरून कापसाचा बोळा हलकेच ओढा. जिथे तंतू अडकतात तिथे धार दुमडलेली किंवा खरखरीत आहे. कागद कापून पाहायला हरकत नाही, पण वस्तऱ्यासारखी धार करण्याच्या नादी लागू नका. अति पातळ कड पहिल्या तिरक्या वारात दुमडते. दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर होत कडेला मिळणारी धार सर्वांत टिकाऊ. लहानसा डायमंड स्टोन सोबत घ्या.

आता काय कापायचे. सर्वमान्य लक्ष्य म्हणजे जपानी ततामीची लव्हाळ्याची चटई. ती घट्ट गुंडाळून तीन-चार ठिकाणी रबर बँड लावा, रात्रभर पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा (वर दगड ठेवला नाही तर ती तरंगते आणि एक बाजू कोरडीच राहते), आणि सकाळी तासभर उभी करून निथळू द्या. कोरडा गाभा राहिलेली चटई चांगल्या तलवारीलाही अडवते, आणि सैल गुंडाळी वारासोबत दबते. एका वेळी एकच चटई. दोन एकत्र गुंडाळण्याचा मोह पहिल्या दिवशी नको. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून न्या. त्या धारेची परीक्षा चांगली घेतात. पोहण्याच्या तलावात वापरतात त्या फोमच्या नळ्या फुकट हसण्यासारख्या दिसतात, पण मला त्या फार आवडतात. इतक्या हलक्या की पात्याची दिशा जरा फिरली तरी कापल्या न जाता उडून पडतात. ताकदवान माणसाला त्या ताबडतोब जमिनीवर आणतात. कलिंगड आणि भोपळा व्हिडिओसाठी ठीक, शिकायला निरुपयोगी. बोथट पातेही त्यांतून जाते. केळीचा खांबही तितकाच खुशामती, वर त्याचा चीक पाते काळे करतो. सुके लाकूड, हाड, नारळ यांच्या वाटेला जाऊ नका.

लक्ष्य ठेवायचा खांब लाकडीच हवा. लोखंडी नळीवर एक वार पडला की धारेत खाच. पाया रुंद, वाळूच्या पोत्यांनी दाबलेला. चटईचा मधला भाग बरगडीच्या उंचीला येऊ द्या. इंग्लंडात किंवा स्कँडिनेव्हियात मैदान बहुधा ओल्या गवताचे असते, तेव्हा खाचांच्या तळव्याचे बूट घाला. चौफेर चार-पाच मीटर मोकळे ठेवा, प्रेक्षक कापणाऱ्याच्या मागे, आणि तलवार एका वेळी एकाच्याच हातात उघडी.

डाव्या हाताची तयारी कुणी करत नाही. ही तलवार ढालीसोबत चालवायची. नॉर्वेत १८८०मध्ये उकरलेल्या गोक्स्टाडच्या जहाजावर दोन्ही बाजूंना मिळून ६४ ढाली लावलेल्या होत्या, जवळजवळ ९४ सेंटिमीटर व्यासाच्या, एकाआड एक पिवळ्या आणि काळ्या. तशी एक बनवता आली तर जरूर बनवा. डाव्या हाताला वजन असले की खांदे आणि कंबर एकत्र फिरू लागतात, आणि नुसत्या दंडाने मारायची खोड सुटते. ढाल नसेल तर डावी मूठ छातीशी सदऱ्याला धरून ठेवा. मोकळा हात वाराच्या वाटेत कधी येतो ते कळत नाही.

पहिला वार उजवीकडून डावीकडे, वरून तिरपा, निम्म्या जोराने. हात पुढे जाऊ द्या, मग पाऊल, आणि लक्ष्याला भिडल्यावर पाते किंचित स्वतःकडे येत सरकू द्या. लाकूड फोडल्यासारखे खाली दाबू नका. त्याहून महत्त्वाचे, वार पार गेल्यावर तलवार कुठे थांबणार हे आधी ठरवा. चटई सहज कापली गेली तर उरलेला जोर थेट डाव्या गुडघ्याकडे जातो. म्हणून घरी मोकळ्या वारांचा सराव करताना थांबण्याचाच सराव करायचा असतो. तुकडा पडला की तलवारीकडे पाहू नका, कापलेला पृष्ठभाग पाहा. तो सपाट असेल तर धार आणि वाराची दिशा एक होती. खोलगट किंवा वळलेला असेल तर पाते आत शिरल्यावर फिरले. कापण्याऐवजी चटई नुसती खांबावरून उडाली तर पाते जवळजवळ चपटे लागले होते. प्रत्येक तुकड्यावर मार्करने क्रमांक टाका आणि वहीत तलवार, चटई आणि वाराची दिशा लिहा. एका चांगल्या तुकड्यावरून ‘व्हायकिंग तलवारी अशा कापत’ असे जाहीर करणारे बरेच भेटतात. उभी, ओली, न हलणारी चटई वर्मी लागेपर्यंत वाट पाहते. ढालीमागचा माणूस तसे करत नाही.

वाकलेल्या पात्याची तपासणी दर थोड्या वेळाने करा: धारेकडून नजर टाकली की वाक लगेच दिसतो. आइसलंडच्या एका सागेत (जुन्या गद्य वीरकथेत) नक्षीदार मुठीची तलवार ढालींवर आपटून वाकते आणि योद्धा ती लढाईच्या मध्येच पायाखाली घेऊन सरळ करतो. जुन्या तलवारींत मऊ लोखंड आणि पोलाद कमी-अधिक मिसळलेले असे. उल्फबर्ट असे नाव कोरलेली सुमारे १७० पाती सापडली आहेत, त्यांतही काही उच्च कार्बन पोलादाची तर काही अगदी साधी निघाली. चांगल्या प्रतिकृतीचे आजचे पोलाद यांपैकी बहुतेकांपेक्षा एकसारखे आणि लवचीक असते. मूळ तलवारीपुढे प्रतिकृती बहुधा हरते ती आकारात. तरीही पाते वाकलेच, तर त्या दिवसापुरते थांबा. पायाने सरळ करायचा प्रयोग सागेतच राहू दे.

ओली चटई कापल्यावर पाते पाच मिनिटांत पुसायचे. सुती फडकी भरपूर, आणि शिलाई मशीनचे तेल. खोबरेल तेल नको, ते थिजते आणि खवट होते. चामड्याच्या म्यानात तलवार कायमची ठेवू नका, चामडे ओल धरते. त्या काळची म्याने लाकडाची असत आणि काहींना आतून लोकर लावलेली असे. लोकरीचा नैसर्गिक तुपकटपणा पात्याला उपयोगीच पडत असणार.

राहिला कायदा, आणि हा खरे तर सगळ्यात आधी पाहायचा. भारतात धारदार तलवार शस्त्र अधिनियम १९५९च्या कक्षेत येते आणि महाराष्ट्रात विनापरवाना तलवारी बाळगल्याबद्दल गुन्हे दाखल होतात. मागवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून लेखी उत्तर घ्या, किंवा बोथटच मागवा. ब्रिटनमध्ये २००८ साली ५० सेंटिमीटरहून लांब वक्र पात्याच्या तलवारींवर बंदी आली, अशा सरळ दुधारी पात्यावर नाही. पण सबळ कारणाशिवाय ती सार्वजनिक ठिकाणी नेणे तिथेही गुन्हाच. तेव्हा तलवार म्यानात, म्यान कुलूपबंद पेटीत, पेटी गाडीच्या डिकीत, आणि आयोजकांनी पाठवलेल्या ईमेलची प्रिंट सोबत.