एफ-१ स्टेटस सांभाळताना या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की मला अमेरिकेतल्या वेगवेगळ्या विद्यापीठांतून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, शिकणाऱ्या मुलांचे एकसारखे फोन सुरू होतात. मिडटर्म नुकत्याच आटोपलेल्या असतात आणि पलीकडून आवाज येतो, "ताई, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय." प्रॉब्लेम छोटा असता तर रात्री साडेअकराला फोन आला नसता. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी असं निघतं, की हेच आठवडाभर आधी डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या इमिग्रेशनचं बघणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्याला, विचारलं असतं तर दहा मिनिटांत मिटलं असतं.

व्हिसा आणि स्टेटस यांत गोंधळ मुळातच असतो. "माझा व्हिसा पाच वर्षांचा आहे, मग काय होणार?" असं मुलं छातीठोकपणे सांगतात. पासपोर्टवरचा व्हिसा फक्त विमानतळावर प्रवेश मागण्यापुरता. आत राहण्याचा आधार म्हणजे स्टेटस, आणि ते आय-२० वर (विद्यापीठाने दिलेलं पात्रतेचं कागदपत्र) आणि सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद-यंत्रणा) नोंदीवर टिकून असतं. अमेरिकेत असताना व्हिसा संपला तरी शिकता येतं. सेव्हिसची नोंद बंद झाली, तर कोरा करकरीत व्हिसासुद्धा वाचवत नाही.

न विचारता कोर्स ड्रॉप करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बॅचलर्सला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात. मास्टर्सला किती, ते विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ९. त्यात पूर्ण ऑनलाइन असा एकच कोर्स, म्हणजे फार तर तीन क्रेडिट, मोजला जातो. पण पोर्टलवरचं ड्रॉपचं बटण सगळ्यांना सारखंच दिसतं. तुम्ही एफ-१ वर आहात की ओहायोत जन्मलात, हे ते विचारत नाही.

एका मुलाची गोष्ट सांगते. मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर, तीन कोर्स, लायब्ररीत पार्टटाइम काम. अल्गोरिदम्सच्या मिडटर्ममध्ये दाणकन आपटला. प्रोफेसर म्हणाले, ड्रॉप कर, पुढच्या वर्षी घे. रूममेटही तेच म्हणाला. याने त्याच रात्री ड्रॉप केलं, ९ चे ६ झाले आणि हा निवांत झोपला. थोड्याच दिवसांत आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा ईमेल: परवानगीशिवाय अभ्यासक्रम कमी केल्यामुळे सेव्हिसची नोंद बंद. मी विचारलं, "डीएसओला विचारलं होतंस?" तर म्हणे, "ॲडव्हायझरला विचारलं होतं ना!" अरे बाबा, ॲडव्हायझर तुझ्या डिग्रीचं बघतो. इमिग्रेशनचं बघणं त्याचं काम नाही, आणि बहुतेकांना त्यातलं काही माहीतही नसतं.

सगळ्यात जास्त चीड याची येते, की त्याला परवानगी मिळण्यासारखी होती. शिकवण्याची अमेरिकन पद्धत नवी असल्यामुळे अडचण येते, हे कारण खुद्द नियमातच लिहिलेलं आहे. एका डिग्रीत एकदाच मिळते ही सवलत, आणि निदान अर्धे क्रेडिट ठेवावे लागतात. याचे तर सहा शिल्लक होते. एक फॉर्म, एक सही. मात्र ड्रॉप करायच्या *आधी*.

मग आय-५३९ भरून स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज. त्यासाठी स्टेटस जाऊन पाच महिन्यांच्या आत अर्ज करायचा, परिस्थितीचा खुलासा लिहायचा आणि वाट बघायची. अर्ज पडून असताना कॅम्पसवर काम बंद. देश सोडला तर अर्ज सोडून दिल्यात जमा. फी मात्र भरत राहायची, वर्गात पूर्ण कोर्सही घ्यायचे. बहिणीचं लग्न त्याने लॅपटॉपवर पाहिलं. दुसरा मार्ग होता, नव्या आय-२० वर बाहेर जाऊन परत यायचं. पण त्यात ३५० डॉलरची सेव्हिस फी पुन्हा भरायची आणि सीपीटी (शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं काम) आणि ओपीटी (आपल्या विषयातलं, बहुधा डिग्रीनंतरचं काम) यांसाठी लागणारं शैक्षणिक वर्ष शून्यापासून मोजायचं. त्याला शेवटी स्टेटस परत मिळालं. सगळ्यांना मिळत नाही.

माझी सवय सांगते. रजिस्ट्रेशनमध्ये काहीही हलवायचं असेल तर आधी डीएसओला ईमेल, फोन नाही. उत्तर आलं की पीडीएफ करून ठेवायचं, मगच क्लिक. मुलांना हे फार हळू वाटतं. वाटू दे.

कॅशवरचं काम

वर्ग चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ. दोन कामं असली तरी बेरीज २०. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय एक तासही नाही. तरी पेट्रोल पंपावर, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये "कॅशवर आहे, कळणार कोणाला?" चालूच असतं.

कर्जाचा हप्ता छातीवर बसलेला असतो, हे मला कळतं. पण वरच्या मुलाला परतीची वाट होती. इथे ती नाही. स्टेटस परत मिळवण्याच्या अटींतच लिहिलंय की अनधिकृत काम केलेलं नसावं. कारण कितीही करुण असो, खिडकी बंद. आणि प्रश्न तेव्हाच येईल असंही नाही. पुढे एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या वेळी स्टेटस सांभाळलं होतं का, हे बघितलं जातं. "पगार घेत नाही, फक्त शिकतोय" हीही पळवाट नाही: ज्या कामाला एरवी पगार दिला जातो ते फुकट केलं तरी कामच ठरू शकतं.

सीपीटीतही तीच घाई. ऑफर लेटर आलं म्हणून सोमवारी जॉइन व्हायचं नसतं. सीपीटीची नोंद असलेलं आय-२० हातात, त्यावरची तारीख उजाडलेली, मग लॉगिन. आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने केलीत तर त्या पातळीवरची ओपीटी गेली.

वर्गात न बसता पहिल्या दिवसापासून नोकरी, अशी जाहिरात करणाऱ्यांपासून तर दूरच राहा. मिशिगनमधली 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' आठवते? २०१९ मध्ये उघड झालं की ते विद्यापीठ इमिग्रेशनवाल्यांनीच थाटलं होतं. ना शिक्षक, ना वर्ग. अडकलेल्या शेकडो विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय. सरकारने असा सापळा लावावा का, यावर जरूर भांडू. पण एकही लेक्चर होत नाही आणि फी जाते, हे कळायला वकील लागत नाही.

बाकीचं भराभर

घर बदललं? १० दिवसांत कळवा. रूममेटला नाही, विद्यापीठाला.

आय-२० ची मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी. "प्रोबेशनवर होतो" हे कारण चालत नाही.

डिग्री पूर्ण झाल्यावर ६० दिवस मिळतात, परवानगीने शिक्षण सोडलं तर १५, स्टेटस मोडलं तर शून्य. हा ६० चा आकडा सगळीकडे लावत फिरू नका.

प्रवासाची सही, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्यासाठी डीएसओ आय-२० वर करतो ती, एक वर्ष चालते, ओपीटीवर सहाच महिने. तिकीट काढण्याआधी आय-२० चं दुसरं पान बघा.

ओपीटीचा अर्ज डिग्री संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, पण डीएसओने शिफारस केल्यापासून ३० दिवसांच्या आत. दुसरी अट निम्म्या लोकांनी वाचलेलीच नसते. बेकारीचे ९० दिवस ओपीटी सुरू झाल्यापासून मोजतात. स्टेम एक्स्टेन्शन (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांसाठी ओपीटीची वाढीव मुदत) मिळालं तर एकूण १५०.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सिनियरला अपार्टमेंट विचारा, इमिग्रेशन नको. त्याचे नियम त्याच्या काळचे. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीवर, 'डी/एस' म्हणजे स्टेटस असेपर्यंत राहा, हे आम्ही गृहीत धरत आलो. २०२५ मध्ये गृहसुरक्षा खात्याने त्याऐवजी ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा माझंही म्हणणं तुमच्या डीएसओकडून तपासून घ्या.

आणि टॅक्स. एक डॉलरही कमावला नसेल तरी फॉर्म ८८४३ पाठवायचा. कमाई असेल तर १०४०-एनआर, म्हणजे नॉन-रेसिडेंटचं रिटर्न. मित्राने दिलेल्या सॉफ्टवेअरवर पाच मिनिटांत रेसिडेंट म्हणून रिटर्न भरू नका. भारत-अमेरिका करकरारातल्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) एनआर फॉर्मवरच मिळतं, त्यासाठी रेसिडेंट असल्याचं सोंग आणायची गरजच नाही.