डोळ्याच्या मागे इंजेक्शन घ्यायचंय? तीनदा घेतलेलीकडून चार गोष्टी

मी ब्लाउज शिवते. डाव्या डोळ्यासमोर जाळी तरंगायला लागली, सुईत दोरा जाईना, तेव्हा कळलं की युव्हिआयटिस आहे. म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, तीही फिरून फिरून येणारी. प्रेडनिसोलोन या स्टिरॉईडच्या गोळ्यांनी साखर चढली, झोप उडाली. दुखणं एकाच डोळ्याचं, म्हणून डॉक्टर म्हणाले, औषध तिथेच देऊ.

आधी टीबी आणि सिफिलिसच्या तपासण्या होतात: मांटू (टीबीसाठी हातावर टोचून करतात ती), छातीचा एक्स-रे, रक्त. कंटाळू नका. आत जंतूंची लागण असेल तर नुसतं स्टिरॉईड तिला मोकळं रान देतं. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा स्टिरॉईडच्या थेंबांनी डोळ्यातलं प्रेशर वाढलं असेल तर न विचारता सांगा. थेंब बंद करता येतात, आत साठवलेलं औषध सहज काढता येत नाही.

त्या दिवशी काजळ नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच विचारून ठेवा, मनाने बंद करू नका. डोळा थेंबांनी बधिर करतात. औषध ट्रायमसिनोलोन, हेही स्टिरॉईडच, दुधासारखं पांढरं. तळाशी बसतं म्हणून बाटली हलवून घेतात. मला १ मिली, म्हणजे ४० मिलिग्रॅम दिलं. सुई बुबुळात जात नाही, वरच्या पापणीखालून, कानाकडच्या बाजूने, डोळ्याच्या गोळ्याला लागून मागे सरकते. डावा डोळा असेल तर उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघा आणि नजर तिथेच खिळवा. टोचण्यापेक्षा दडपण जास्त जाणवतं.

नंतर डोळा लाल दिसतो, कधी पापणी थोडी उतरते. पण जोरात दुखलं किंवा नजर एकदम कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता माझी चूक. दुसऱ्या वेळी लग्नसराई होती, मी प्रेशर तपासायला गेलेच नाही. दोन महिन्यांनी गेले तर ३२! साधारण २१ च्या आत हवं. ना दुखलं, ना अंधुक झालं. थेंबांनी उतरलं, पण नशीब म्हणायचं. वारंवार घेतलं तर मोतीबिंदूही लवकर येतो.

औषधाचा असर मला तीनेक महिने पुरतो. मापांच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि प्रेशर लिहिते. रोज सकाळी उजवा डोळा झाकून सुईत दोरा ओवते. सलग दोन दिवस चुकला की फोन लावते.