चढात दम जातो, उतारात पाय: डोंगरवाट पळताना या चुका टाळा

साताऱ्यात डोंगर शोधत लांब जावं लागत नाही. पहाटे चारभिंतीच्या बाजूनं अजिंक्यताऱ्याकडे निघालेली माणसं बारमाही दिसतात, आणि हल्ली त्यांत पळणारी पोरंपोरीही बरीच असतात. बघून बरं वाटतं. पण यातले बहुतेक जण फक्त चढाची तयारी करतात. उतार काय, आपोआप होतो, असं धरून चालतात आणि दुसऱ्या दिवशी घरचा जिना कठडा धरून उतरतात.

पायथ्यालाच जोर लावणं

अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे 3,300 फूट. शहरापासून मोजली तर साधारण 300 मीटरची चढण. पहिल्या पाच मिनिटांत धाप लागली तर ती माथ्यापर्यंत उतरत नाही. अख्खं वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं सुरुवात करा. आणि उभ्या चढावर चाला! चालणं म्हणजे हार, हा समज डोक्यातून काढून टाका. चढण साधारण 15 अंशांच्या पुढे गेली की त्याच वेगानं पळण्यापेक्षा चालायला ताकद कमी लागते. तळहात गुडघ्याच्या जरा वर मांडीवर ठेवायचे, प्रत्येक पावलाला रेटा द्यायचा, पावलं आखूड ठेवायची. पोटऱ्या भरून येत असतील तर नुसत्या चवड्यावर चढू नका, जमेल तिथे टाच टेकवा.

डांबरी घाटावर भिस्त ठेवणं

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट पळून पळून छाती तयार होते, यात शंका नाही. पण डांबरावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. डोंगरवाटेवर एक पाऊल कातळावर, दुसरं सुट्या मुरमावर, तिसरं गवतात लपलेल्या दगडावर. घोट्याला ही सवय वाटेवरच लागते. म्हणून आठवड्यातला एक दिवस वाटेचा ठेवा, भले अंतर निम्मं झालं तरी चालेल.

मागे रेलून, टाच रोवत उतरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जरंडेश्वराच्या डोंगरावर एका ऑक्टोबरात मी ती केली. पाऊस संपलेला, वाट वरून सुकलेली, मुरूम गोट्यांसारखा सुटा झालेला. घसाऱ्यावर भीती वाटली म्हणून अंग मागे टाकलं, टाच रोवली आणि पाय सटकन पुढे गेला. तळहातात खडे रुतले, कोपर सोलवटलं. मारुतीचं दर्शन घेऊन मागून येणारे एक आजोबा थांबले. पायात साध्या चपला. म्हणाले, "आरं पोरा, टाच रोवू नगंस. सगळा पाय टाक, बारकी बारकी पावलं टाक." आणि माझ्यापुढून उतरूनही गेले.

अंग मागे गेलं की पायावरचं वजन कमी होतं, पकड सुटते. गुडघा किंचित वाकलेला ठेवा, कंबरेतून थोडं पुढे झुका, हात तोलासाठी सैल सोडा. नजर पायांवर नको, तीन-चार मीटर पुढे हवी. वेग आवरायचा तर लांब पाऊल टाकून ब्रेक मारू नका. पावलं आणखी आखूड आणि भरभर टाका.

आता मांड्या का दुखतात ते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात. ही दुखापत लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका लागतो. चांगली गोष्ट अशी, की एकदा बेतानं उतार पळालात तर पुढचे काही आठवडे तोच उतार कमी त्रास देतो. शर्यतीआधी दोन-तीन वेळा उताराचा सराव करा, शेवटचा निदान दहा दिवस आधी.

लेस एकदाच बांधणं

माथ्यावर पोचलात की बसा आणि लेस पुन्हा बांधा. उतरताना पाऊल बुटात पुढे सरकतं, अंगठा पुढच्या टोकावर आपटत राहतो आणि नख काळं पडतं. वरच्या शेवटच्या भोकातूनही लेस ओवून टाच घट्ट बसवा. नखं आदल्या दिवशी कापा.

पाणी आणि वेळ

साधारण तासाला अर्धा लिटर, घोटघोट. ओआरएसची लिटरची पुडी असेल तर पाणी पूर्ण लिटरच घ्या. अर्ध्या बाटलीत दाट कालवून पिणं चूक. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट होतो, त्याआधी खाली या. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर पळूच नका. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा, धूर, अत्तर काही नको. गुपचूप बाजूनं निघा.

दुखणं अंगावर काढणं

उतारात गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरी फिरल्यासारखं वाटू लागलं तर तिथून चालतच उतरा, पळून ते सुटत नाही. मांड्यांचा ठणका चार-पाच दिवसांत जातो. पण मांड्या सुजल्या, पाय उचलवेना आणि लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर तेल चोळत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.