ओंडके फोडायच्या हायड्रॉलिक मशीनला परतीचा होज मोठा लावा

घरी असे मशीन बनवताना सगळे लक्ष टनांवर जाते. १०० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर १७५ बार दाबाला सुमारे १४ टन जोर देतो, आणि बिनगाठीच्या बाभळीला तो सहसा पुरतो. फसगत होते ती परतीच्या, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या तेलात. सिलिंडरचा रॉड (आत-बाहेर सरकणारा दांडा) ५० मिमीचा आणि पंप मिनिटाला २० लिटरचा असेल, तर रॉड मागे येताना सिलिंडरच्या मागच्या तोंडातून मिनिटाला जवळपास २७ लिटर तेल बाहेर पडते, कारण पुढच्या बाजूची जागा रॉड खातो आणि मागच्या बाजूला तेल जास्त मावते. तिथे बारीक होज असला की रॉड रखडतो, तेल तापते. म्हणून तेलाची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हपासून टाकीपर्यंत पाऊण इंची होज घ्या, रिटर्न फिल्टरही २७ लिटरला पुरून उरेल असाच. होजचे टोक टाकीत तेलाच्या पातळीखाली आणि सक्शनपासून (पंप तेल ओढतो त्या तोंडापासून) लांब ठेवा. वरून धार पडली तर फेस होतो, पंप हवा ओढतो आणि खडखडतो.

रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) आधी पूर्ण सैल करा, मग दाबाचा गेज बघत हळूहळू आवळा. गळती शोधायला बोट कधीही फिरवू नका, पुठ्ठा फिरवा: सुईएवढ्या भोकातली धार कातडीत घुसते. तसे झालेच तर जखम किरकोळ दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.