खड्ड्याची बाग करायची, तर माती किती मागवायची?

आधी खड्डा रिकामा करा. तळाशी पालापाचोळा, ओंडके किंवा कुजणारं काही राहिलं, तर पुढचं कोणतंही गणित टिकत नाही. शिवाय बादलीभर पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच असेल, तर आधी निचऱ्याचा चर खणा. तळाला नुसती खडी टाकून निचरा होत नाही, पाणी खडीत साचून राहतं.

काठ सपाट दिसतो, पण नसतो. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने त्यांच्यावर एक पातळी धरा आणि बागेची जमीन जिथे हवी त्या उंचीवर दोऱ्या ताणा. खोली मोजायची ती या दोरीपासून.

‘लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली’ असं सांगणारा माणूस बहुधा खड्ड्यात कधी उतरलेला नसतो. वाटीसारख्या खड्ड्यात या उत्तराच्या साधारण निम्मीच माती मावते. नीट मोजायचं तर दोऱ्यांनी चार-चार फुटांचे चौकोन पाडा, प्रत्येकाच्या मधोमध खोली मोजा आणि या सगळ्या मापांच्या बेरजेला 16 ने गुणा. 20 बाय 12 फुटांच्या खड्ड्यात असे 15 चौकोन होतात. बेरीज 33 फूट आली, तर जागा 528 घनफूट. सगळ्यात खोल जागा 4 फूट धरून लांबी-रुंदी-खोलीचा हिशेब केलात, तर 960 येतात आणि उरलेली माती कुठे टाकायची हा नवा प्रश्न उभा राहतो.

आता मी दोनदा आपटलो ती जागा. हे 528 घनफूट बसलेल्या मातीचे आहेत. ट्रकच्या हौद्यातून येते ती सुटी, फुगलेली माती. पहिल्यांदा मी अगदी मोजून मागवली, थर देत धुम्मस मारून चोपली आणि शेवटी भराव दोरीच्या वीतभर खालीच राहिला. दुसऱ्यांदा चोपायचा कंटाळा केला. सुटी माती ओतली, फावड्याने सारखी केली आणि हिशेब जुळला म्हणून खूश झालो. पहिल्या मोठ्या पावसात मधोमध परातीसारखा खळगा पडला.

‘पावसाने आपोआप बसेल’ हा सल्ला म्हणूनच मला चीड आणतो. बसते ना, पण सारखी बसत नाही. जिथे भराव जाड, तिथे जास्त खचते, काठाला जेमतेम. त्यामुळे सहा-सहा इंचांचे थर टाकायचे, पाणी मारायचं आणि चोपायचं. पाणी किती? मुठीत दाबल्यावर मातीचा गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, इतकंच. आणि राडारोडा टाकून माती वाचवण्याच्या फंदात पडू नका. दगडविटांच्या फटींत वरची माती पुढे कित्येक पावसाळे झिरपत राहते.

वरचा एक फूट मात्र अजिबात चोपू नका, मुळांना हवा लागते. म्हणून हिशेबही दोन भागांत करा. वरच्या फुटाचे 240 घनफूट, खालच्या भरावाचे 288. खालच्याला मी 30 टक्के वाढवतो, वरच्याला 15. म्हणजे 374 आणि 276, मिळून 650 घनफूट, साडेसहा ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). चिकणमाती असेल तर थोडी जास्त धरा, वाळूसर असेल तर कमी. शेणखत आणि कंपोस्ट यात मोजू नका. ते कुजून आटतं.

सगळी माती एकदम मागवू नका. आधी खालचा भराव आणा, हौद्याची लांबी-रुंदी आणि मातीची उंची स्वतः टेपने मोजून घ्या. तो चोपून झाला की दोरीपासून त्याच 15 जागी पुन्हा मोजा आणि मगच वरच्या फुटाची माती सांगा. ती पसरताना मधला भाग दोन-तीन इंच उंच ठेवा. आठ-दहा घमेली बाजूला झाकून ठेवायला विसरू नका, पहिल्या पावसानंतर लागतातच.